रसवंतीची घुंगरं आणि आमची शुगर

गंगेवरचा
३० मार्च, रात्री ९:१२

मंडळी, आधी कबुली, मग प्रश्न.

काल सप्तशृंगीच्या गडावर गेलो होतो. चैत्रोत्सवाची गर्दी, खानदेशातून पायी आलेले जथे, डोक्यावर ऊन. दर्शन उरकून एकच्या सुमारास परत फिरलो. वणी मागे पडलं आणि दिंडोरीच्या अलीकडे रसवंती दिसली. दिसली कसली, ऐकू आली. चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती, गाडी आपोआप कडेला गेली. 'एक फुल, आलं-लिंबू, बर्फ कमी.' बायकोने हाफ घेतला आणि माझ्या ग्लासाकडे बघत राहिली. बोलली काहीच नाही, म्हणून जास्त लागलं.

माझी कुंडली: वय ५४, टाइप टू मधुमेह, सहा वर्षं झाली. मेटफॉर्मिनची गोळी दोन वेळा. तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे ते एचबीएवनसी, मागच्या खेपेला ७.४ आलं. डॉक्टरांचं म्हणणं, सातच्या आत या. ग्लुकोमीटर गाडीतच असतो. जेवण व्हायचं होतं म्हणून रसाच्या आधी शुगर पाहिली होती, १३१. म्हसरूळला पोचेपर्यंत तास होत आला होता, पुन्हा बोट टोचलं. २४४. बायकोने मीटर बघितला आणि तेव्हाही काही बोलली नाही.

आता प्रश्न. 'टाळा' हे मला सहा वर्षं सगळेच सांगतायत. टाळतोही. पण उन्हाळा तोंडावर आला (तोंडावर कसला, मानगुटीवर बसलाय). चैत्रगौरीचं पन्हं, लग्नातला पियुष, गंगेवर फिरायला गेलं की कोकम सरबत. आणि माझं होतं असं की महिनोन्महिने 'नको, नको' करतो आणि एके दिवशी फुल ग्लास रिचवतो. त्यापेक्षा कधीतरी, ठरवून, मोजून काय प्यावं हे शिकलेलं बरं. तुमच्यातले जे शुगरवाले आहेत ते काय करतात? उपदेश नको, अनुभव द्या. उपदेशाचा साठा घरात पुरेसा आहे.

हाफचहा
३० मार्च, रात्री ९:४०

उपदेश नको म्हणालात म्हणून नुसती म्हण देतो: ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. हाफ मिळत होता ना तिथे? वहिनींनी घेतलाच होता. हलके घ्या.

मेतकूटभात
३० मार्च, रात्री १०:२५

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, नाशकातच. इथे लिहिते ते ढोबळ. तुमची औषधं, किडनी, डोळे यांचा हिशेब तुमच्या डॉक्टरांकडेच.

उसाच्या रसात दर १०० मिलिला साधारण १२ ते १५ ग्रॅम साखर असते. फुल ग्लास ३०० मिलिचा धरा, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास. सपाट चहाचा चमचा ४-५ ग्रॅमचा, म्हणजे आठ-नऊ चमचे. कुणी वाटीत नऊ चमचे साखर काढून समोर ठेवली तर आपण दचकू. ग्लासात ती दिसत नाही आणि चावावीही लागत नाही, खरी मेख तिथे आहे.

तेवढीच कर्बोदकं दोन मध्यम पोळ्यांतही असतात. फरक वेगाचा. पोळी चावावी लागते, पोटात रेंगाळते, सोबत भाजीचा चोथा आणि वरणातलं प्रथिन असतं. रसाला पोटात थांबायचं काही कारणच नसतं. तुम्ही उपाशीपोटी, उन्हातून येऊन, एका दमात प्यायलात, तेव्हा तासाभरात २४४ म्हणजे नवल नाही. जेवायला सुरुवात केल्यापासून एक-दोन तासांनी १८० च्या आत असावी असं बहुतेकांसाठी धरतात.

म्हणून मी पेयांच्या यादीपासून सुरुवात करत नाही, वेळेपासून करते. गोड प्यायचंच तर रिकाम्या पोटी नाही. आधी कोशिंबीर-भाजी, मग उसळ-वरण, गोड सगळ्यात शेवटी. अर्धाच ग्लास, आणि त्याच्या बदल्यात त्या जेवणातली एक पोळी कमी. मग १५ मिनिटं चालायचं, कारण चालत्या पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. एक मात्र कायमचं सोडा: तहान भागवायला गोड पिणं. तहानेला पाणी, ताक. गोड प्यायचं ते गोडासाठी, बसून, चवीने.

गंगेवरचा
३० मार्च, रात्री १०:५१

'उपाशीपोटी, उन्हातून येऊन, एका दमात'. तीनही गुन्हे कबूल. ताई, तुम्ही त्या रसवंतीवर होतात की काय?

कडूजिरं
३१ मार्च, सकाळी ६:५०

मेतकूटभात यांना आदरपूर्वक विरोध. 'अर्धा ग्लास चालेल' यातलं 'चालेल' तेवढं माणूस ऐकतो. माझे वडील असेच मोजून खाणारे होते. मोजणं हळूहळू सुटलं. आधी नजर गेली, मग डाव्या पायाची दोन बोटं. मला २०१५ मध्ये शुगर निघाली, त्या दिवसापासून गोड पेय शून्य. पहिले सहा महिने जड गेले. नंतर जीभ इतकी बदलली की बिनसाखरेचं दूध आता गोड लागतं. ज्याला अर्ध्यावर थांबता येतं त्याने थांबावं. मला येत नाही, हे मला माहीत आहे.

मेतकूटभात
३१ मार्च, सकाळी ९:०५

शेवटच्या दोन वाक्यांना अनुमोदन. काहींना शून्य सोपं जातं, काहींना अर्धा. आपण कुठल्या जातकुळीचे हे प्रामाणिकपणे ओळखलं की निम्मं काम झालं. धागाकर्त्यांचा शून्याचा प्रयोग मात्र दर वेळी फुल ग्लासावर संपतोय, हे त्यांनीच लिहिलंय.

मखमलाबादकर
३१ मार्च, सकाळी १०:१८

रस नैसर्गिक आहे हो, त्याला एवढं काय भ्यायचं? भ्यायचं ते कारखान्याच्या पांढऱ्या साखरेला. आमच्याकडे पन्हं सेंद्रिय गुळाचं असतं, घरातल्या शुगरवाल्यांनाही देतो. गूळ बाधत नाही. वर लोहही मिळतं.

मेतकूटभात
३१ मार्च, सकाळी ११:३०

दादा, गूळ म्हणजे काहिलीत आटवलेला उसाचा रसच की. त्यातही ८५ टक्क्यांच्या आसपास साखरच असते आणि ती तितक्याच जोमाने रक्तात उतरते. सेंद्रिय असला तरी स्वादुपिंडाला त्याचं प्रमाणपत्र वाचता येत नाही. लोह हवं तर आळीव, बाजरी, पालेभाज्या आहेत.

पन्ह्याचं तर परंपरेने मापच असं की कैरीच्या गराच्या दुप्पट गूळ. कैरीत स्वतःची साखर फारशी नसते, पेल्यातलं बहुतेक गोड गुळाचं. मी घरी उलटं करते: गर जास्त, गूळ चवीपुरता एक चमचा, मीठ, भाजलेलं जिरं, वेलदोडा आणि भरपूर पाणी. आंबटसर लागतं, पण कैरी ओळखू येते.

मखमलाबादकर
३१ मार्च, दुपारी १२:१०

बरं. पण आमच्या आजोबांनी ८८ वर्षं गूळ खाल्ला.

हाफचहा
३१ मार्च, दुपारी १२:१४

आजोबा दिवसभर मोट हाकत होते का? मग खाऊ द्या.

जुन्या नाशकातली
३१ मार्च, रात्री ८:३३

धाग्याला जरा वळण देते. इथे सगळे टाइप टूवाले दिसतायत. माझा मुलगा १९ वर्षांचा, टाइप वन, नवव्या वर्षापासून इन्सुलिनवर. आमच्या घरात गोड पेय आधी औषध आहे, चैन मागाहून.

याच महिन्यातली गोष्ट. रंगपंचमीला स्वारी तिवंध्याच्या रहाडीवर गेली. बाहेरगावच्यांसाठी सांगते: रहाडी म्हणजे पेशव्यांच्या काळापासूनचे दगडी हौद. वर्षभर बुजवलेले असतात, रंगपंचमीला उघडतात, आणि त्या रंगाच्या पाण्यात धाडकन उडी मारायची, तिला धप्पा म्हणतात. चिरंजीवांनी जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं आणि ताट अर्धं टाकून पळाले. दोन तास नाचणं, ढकलाढकली, तीन-चार धप्पे. मग मित्राच्या लक्षात आलं की हा काहीतरी असंबद्ध बोलतोय आणि हात थरथरतायत. एरवी मी चेहऱ्यावरून ओळखते. रंगाने माखलेल्या तोंडावर फिक्कटपणा दिसणार कसा?

मित्र गुणी. धावत गेला आणि दुकानातून कोला घेऊन आला. पण कुठला? शून्य साखरेचा! 'काकू, त्याला डायबेटिस आहे ना, म्हणून साखरेचा नाही आणला.' त्या पोराला रागवायचं तरी काय. आपणच सगळ्यांना 'शुगर म्हणजे साखर बंद' एवढंच शिकवलंय. शेजारी थंडाई होती, पण दूध-बदामाच्या स्निग्धतेमुळे तीही सावकाश चढते. शेवटी मुलाच्या कमरेच्या पाऊचमध्ये ग्लुकोज पावडरची पुडी होती ती पाण्यात घालून पाजली. मीटरवर ५४ होती, पंधरा मिनिटांनी ८८ झाली. मग खायला घातलं.

नियम साधा आहे, भिंतीवर लावून ठेवावा असा. शुगर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम झटपट साखर: तीन चमचे ग्लुकोज किंवा साखर पाण्यात, नाहीतर अर्धा कप फळाचा रस, नाहीतर साखरेचा साधा कोला अर्धा ग्लास. पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. वर आली नसेल तर पुन्हा तेवढंच. आणि माणूस शुद्धीत नसेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. घशात गेलं तर भलतंच होऊन बसतं.

तुमच्या रसवंतीला नावं ठेवत नाही. तोच अर्धा ग्लास रस आमच्यासाठी एखाद्या दिवशी देवासारखा धावून येतो.

गंगेवरचा
३१ मार्च, रात्री ९:०२

वाचताना अंगावर काटा आला. माझा धाकटा भाऊ इन्सुलिनवर आहे आणि त्याच्या गाडीत 'शुगर फ्री' गोळ्यांची डबी ठेवलेली असते. आत्ताच फोन करून सांगितलं की ग्लुकोज ठेव.

सातपूरची पुडी
३१ मार्च, रात्री १०:१५

औषधाचं दुकान आहे माझं. जुन्या नाशकातली ताईंच्या प्रतिसादाला जोड देतो, कारण ही गोष्ट काउंटरवर फार कमी जणांना ठाऊक असते.

नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर अशी धाडकन सहसा खाली जात नाही. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्यांनी जाते. आता ज्यांच्या चिठ्ठीत व्होग्लिबोस किंवा अकार्बोस आहे (बऱ्याच एकत्रित गोळ्यांत ग्लिमेपिराइडसोबत व्होग्लिबोस असतं, पाकिटावरचं बारीक वाचा) त्यांनी लक्षात ठेवा: ही औषधं आतड्यात साखरेचे तुकडे पडण्याचा वेगच कमी करतात. शुगर खाली गेल्यावर लिंबू सरबत, उसाचा रस, चहा-साखर यांचा असर म्हणून उशिरा होतो. तिथे निव्वळ ग्लुकोजच हवं. पंधरा-वीस रुपयांची पुडी खिशात ठेवायची.

दुसरं, उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या की लोक 'ओआरएस द्या' म्हणून गोड खोकी घेऊन जायचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार खऱ्या ओआरएसमध्ये एका लिटरला १३.५ ग्रॅमच ग्लुकोज असतं. त्या खोक्यांतल्या पेयात याच्या कित्येक पट साखर. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांवर ओआरएस हा शब्द छापायला मनाई केली. तरी मागणारे अजून मागतातच. शुगरवाल्याला जुलाब झाले तर खरी पुडी पाण्यात कालवून द्या आणि डॉक्टरांना कळवा, कारण अशा दिवसांत काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. त्या कुठल्या, ते डॉक्टर सांगतील. मी नाही, तुम्ही नाही, शेजारी तर नाहीच.

सिडकोची पोर
१ एप्रिल, सकाळी ८:२०

शून्य साखरेच्या कोल्याचं काय मग? मी आठवड्यातून एखादा पिते. मीटर हलत नाही. पण सासूबाई म्हणतात कॅन्सर होतो. व्हॉट्सॲपवर आलंय म्हणे.

मेतकूटभात
१ एप्रिल, सकाळी ९:४५

सासूबाईंनी वाचलं ते अगदीच हवेतलं नाही. २०२३ च्या जुलैत आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या गटात घातलं. पुरावा मर्यादित असल्याचं त्यांनीच सांगितलंय. त्याच वेळी अन्नातल्या रसायनांचं मोजमाप करणाऱ्या समितीने रोजची मर्यादा बदलली नाही, वजनाच्या दर किलोमागे ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला ९ ते १४ कॅन रिचवावे लागतील. तुम्ही आठवड्याला एक म्हणताय.

त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने 'वजन कमी करायला कृत्रिम गोडी वापरू नका' असंही सुचवलं. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांना धरून नव्हती, हे मात्र व्हॉट्सॲपवर येत नाही. माझं मत: साखरेच्या कोल्यापेक्षा कधीही बरा, पण पाण्याची जागा त्याने घेऊ नये. जिभेची गोडाची ओढ तो तशीच जिवंत ठेवतो. कडूजिरं म्हणतात तसं दूध गोड लागायला त्याने मदत होत नाही.

सिडकोची पोर
१ एप्रिल, सकाळी ९:५८

सासूबाईंना दाखवते. कॅनचा आकडा त्यांना आवडेल.

ओटीची खण
१ एप्रिल, दुपारी ३:३०

पुरुषमंडळींना रसवंती दिसते. आम्हा बायकांचा महिना बघा एकदा. चैत्रातल्या तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रगौरीची हळदीकुंकवं, एकेका संध्याकाळी तीन-तीन घरं. प्रत्येक घरी कैरीची डाळ, भिजवलेले हरभरे, कलिंगडाची फोड आणि पन्हं. 'नको' म्हटलं की यजमानीण हिरमुसते. 'शुगर आहे' म्हटलं की सगळ्या जमून आपापल्या दिरांच्या शुगरचे किस्से सांगतात. दोन्ही नको.

माझी युक्ती: पहिल्या घरी पन्ह्याचा पेला आनंदाने घ्यायचा, दोन घोट प्यायचे आणि तो हातात धरून गप्पा मारत राहायचं. रिकामा पेला दिसला की यजमानीण भरते. म्हणून रिकामा करायचाच नाही! निघताना हळूच ओट्यावर ठेवायचा. तिन्ही घरं मिळून एक पेलाही होत नाही. हरभरे मात्र मनापासून खाते, त्यात प्रथिनं असतात असं मेतकूटभात ताई सांगतीलच.

माझ्याकडच्या हळदीकुंकवाला दोन बरण्या असतात. एकीत नेहमीचं पन्हं. दुसरीत आमसुलं रात्री भिजवून कुस्करलेलं पाणी, सैंधव, जिरं, पुदिना, साखर नाही. बाजारच्या कोकम सरबताच्या बाटलीत साखरेचा पाकच असतो, आमसुलं बिचारी नावाला. गंमत म्हणजे दुसरी बरणी आधी संपते. कुणी बोलत नाही, पण गल्लीत शुगर किती जणींना आहे ते मला बरणीवरून कळतं.

मेतकूटभात
१ एप्रिल, संध्याकाळी ६:१२

हरभऱ्यांबद्दल बरोबर. :) बरणीची पाहणी फार आवडली.

पियुषाबद्दल वर कुणीतरी लिहिलंय म्हणून: पियुष म्हणजे श्रीखंड ताकात घुसळलेलं, आणि श्रीखंडात चक्क्याच्या बरोबरीने साखर पडते. लग्नात घ्यायचाच तर जेवणातलं तेच एक गोड समजा, जिलेबी मग सोडा. मठ्ठा बहुतेक ठिकाणी चमचाभर साखरेचा असतो, तो त्या मानाने सौम्य. शहाळ्याचं पाणीही लोक मोकळेपणाने पितात. एका शहाळ्यात ८-१० ग्रॅम साखर धरा, म्हणजे रसापेक्षा फार कमी. पण किडनीचा त्रास असेल तर त्यातल्या पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

द्राक्षबागवाला
१ एप्रिल, रात्री ९:४०

नाशिकचा धागा आणि वाईनचं नाव नाही? पिंपळगावकडचा आहे मी, विचारायला लाज कसली. ड्राय वाईनमध्ये साखर नसतेच जवळपास, मग ती शुगरवाल्याला रसापेक्षा बरी, नाही का?

सातपूरची पुडी
१ एप्रिल, रात्री १०:०८

साखरेपुरतं खरं. ड्रायमध्ये द्राक्षाची बहुतेक साखर आंबताना संपलेली असते, पोर्टसारख्या गोड वाईनमध्ये भरपूर उरते. पण दारूचा खेळ वेगळा आहे. यकृत एरवी रात्रभर थोडी थोडी साखर रक्तात सोडत असतं. दारू पचवण्यात ते गुंतलं की तो पुरवठा मंदावतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवाला रिकाम्या पोटी पिऊन झोपला तर पहाटे शुगर खाली गेलेली असते आणि घरच्यांना वाटतं, चढलीय. म्हणून 'रसापेक्षा बरी' हे माझ्याकडून वदवून घेऊ नका.

हाफचहा
२ एप्रिल, सकाळी ७:३०

सगळे सणासुदीची पेयं मोजताय. माझ्या आयडीकडे बघा जरा. रोजचा चहा कुणी मोजलाय का? गंगेवरचा साहेब, तुम्ही दिवसाला किती घेता?

गंगेवरचा
२ एप्रिल, सकाळी ८:१०

घरी दोन, दोन्ही बिनसाखरेचे, सहा वर्षांपासून. ऑफिसखाली टपरीवर चार कटिंग होतात, पण ती एवढीशी असतात हो.

हाफचहा
२ एप्रिल, सकाळी ८:१३

एवढीशी म्हणजे किती साखरेची? विचारा एकदा टपरीवाल्याला.

गंगेवरचा
२ एप्रिल, रात्री ९:२०

विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

टपरीवाला मामा म्हणाला, 'पंचवीस कटिंगच्या पातेल्याला पाव किलो साखर. कमी घातली तर गिऱ्हाईक परत येत नाही.' २५० भागिले २५, म्हणजे कटिंगला १० ग्रॅम. माझी चार, म्हणजे ४० ग्रॅम. मेतकूटभात ताईंनी रसाच्या फुल ग्लासाचा आकडा काय दिला होता? चाळीस.

म्हणजे ज्या ग्लासापायी मी धागा काढला, अपराधी वाटून घेतलं, तो मी ऑफिसच्या दर दिवशी पितोय. घुंगरं वाजत नाहीत म्हणून कळलं नाही, एवढंच. आणि त्यातला एकही कप मला धड आठवतसुद्धा नाही. गडावरून येताना प्यायलेला रस मला अजून जिभेवर आठवतो!

कडूजिरं
२ एप्रिल, रात्री ९:४४

आता तुम्ही खऱ्या ठिकाणी आलात. सहा महिने देतो, दूध गोड लागेल.

मेतकूटभात
२ एप्रिल, रात्री १०:०१

रोज पेशंटच्या वहीत घरचा चहा 'बिनसाखरेचा' लिहिलेला असतो आणि मी खूश होते. उद्यापासून 'आणि बाहेर?' हा प्रश्न पहिला. हाफचहा, तुमचे आभार.

रसाचं खातं आता नीट मांडता येईल. टपरीवरची साखर थांबवा. महिन्यातून एक-दोनदा जेवणानंतरचा हाफ ठेवा, आणि प्याल त्या दिवशी आधी व नंतर मीटर बघा. जमा-खर्च तुमच्यासमोर येईल.

गंगेवरचा
१७ एप्रिल, रात्री ९:०६

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

टपरी: मामाला बिनसाखरेचा मागितला तर म्हणाला, एका माणसासाठी वेगळं पातेलं परवडत नाही. बरोबर आहे त्याचं. मग ऑफिसात दबक्या आवाजात विचारपूस केली, तर आमच्याच मजल्यावर सात जण निघाले. सहा वर्षं एका टपरीवर, एका पातेल्यातला गोड चहा पीत उभे होतो आणि एकमेकांना पत्ता नव्हता. आता अकरा वाजता आणि चार वाजता छोट्या पातेल्यात 'फिका' उकळतो. मामा त्याला फिकाच म्हणतो आणि हाकही तशीच मारतो: 'ओ फिकेवाले, या!' चार कटिंगची दोन झाली. पहिले चार दिवस डोकं दुखलं, ते साखरेमुळे की दोन कप घटले म्हणून, देव जाणे. ओटीची खण ताईंची बरणी आठवली.

रसवंती: १२ तारखेच्या रविवारी दिंडोरी रोडला मुद्दाम गेलो. घरी काकडीची कोशिंबीर, मेथीची भाजी, मटकीची उसळ, दोनऐवजी एक भाकरी. जेवायच्या आधी १२६. जेवण होताच दहा मिनिटांत रसवंतीवर, एक हाफ, बर्फ नाही, बाकावर बसून सावकाश. मग मागच्या शेताच्या बांधाने वीस मिनिटं दोघं चाललो. जेवायला बसल्यापासून दीड तासाने मीटर: १७८.

बायको या वेळी बोलली. म्हणाली, 'माझ्या ग्लासातला घोटभर उरलाय, हवाय?' मी नाही म्हटलं.

मेतकूटभात
१७ एप्रिल, रात्री ९:३५

छान. एका रीडिंगवर फार उड्या मारू नका, झोप, ताण, आदल्या रात्रीचं जेवण सगळंच त्यात मिसळलेलं असतं. दोन-तीनदा असंच येऊ दे. आणि पुढच्या एचबीएवनसीचा आकडा इथे लिहा, टपरीचा परिणाम तिथे दिसायला हवा.

जुन्या नाशकातली
१७ एप्रिल, रात्री ९:५०

फिकेवाल्यांना आमच्या चिरंजीवांचा नमस्कार. त्याच्या मित्राने आता स्वतःच्या बॅगेतही ग्लुकोजची पुडी ठेवलीय.

मालेगावची लेक
१७ एप्रिल, रात्री १०:२२

वाचनमात्र होते, आज राहवलं नाही. परवा अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. माहेरी सगळे जमणार, पुरणपोळी आणि वाट्यांवर वाट्या आमरस. आमरस पेयात धरायचा की जेवणात? मला मागच्या वर्षीच शुगर निघालीय आणि आईला अजून सांगितलेलं नाही.

गंगेवरचा
१७ एप्रिल, रात्री १०:३०

ताई, आईला आधी सांगा, आमरसाचं मग बघू. त्याचा धागा तुम्हीच काढा, मी पहिल्या रांगेत बसतो. बायकोने आत्ताच स्वयंपाकघरातून विचारलंय, आंबे किती डझन आणायचे.